तुमच्याकडे डाळ शिजते का?

माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं, लग्न मोडता मोडता राहिलं ते गमरेबाईंमुळे, आणि जमलं तेही गमरेबाईंमुळेच. मुलाकडची मंडळी सोलापूरकडून आली होती. जुईनगरच्या आमच्या दोन खोल्यांत सतरंजी अंथरून पोहे, चहा, ओळखीपाळखी असं सगळं रीतसर चाललं होतं. गमरेबाई आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायच्या. शिवाय मी जिथे क्लार्क होतो त्याच कारखान्यात त्या केमिस्ट होत्या. बी.एस्सी. झालेली बाई बैठकीत असली की जरा वजन पडतं, म्हणून आईने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. मुलाच्या वडिलांनी शेती किती, विहिरी किती, घर कसं पक्कं बांधलंय हे सगळं सांगून झालं. तेवढ्यात गमरेबाई पुढे वाकल्या आणि त्यांनी विचारलं,

"तुमच्याकडे डाळ शिजते का?"

मुलाच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. इथे तुमची डाळ शिजायची नाही असं कोणी तोंडावर सुनावल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. आई माझ्याकडे बघायला लागली, मी छताकडे. "म्हंजे? काय म्हनायचंय तुमाला?" असं त्यांनी विचारलंच. मी काहीतरी सारवासारव करणार, तोच भिंतीला टेकून बसलेल्या मुलाच्या आईने पहिल्यांदा तोंड उघडलं. "कुठं शिजतीय ओ बाई," ती म्हणाली. "रात्रभर भिजू घातली तरी दाना न् दाना येगळा. चिमूटभर सोडा टाकावा तवा कुठं."

"बोअरचं पाणी ना?"

"बोअरचंच की."

पुढचा अर्धा तास त्या दोघी पाण्यावर बोलत होत्या. हंड्याच्या आतून पांढरा थर बसतो का, केस धुतल्यावर चिकट राहतात का, साबण किती लागतो. मुलाच्या वडिलांना आपला अपमान झालेला नाही हे हळूहळू उमगलं आणि त्यांनी बशी परत उचलली. जाताना मुलाची आई माझ्या आईला म्हणाली, तुमच्याकडची माणसं जीव लावून विचारपूस करतात. लग्न ठरलं. सुमन सासरी जाताना गमरेबाईंनी तिला आहेरात साडीबरोबर खायच्या सोड्याचं पाकीट दिलं.

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारायच्या. कारखान्याच्या नव्या वॉचमनला, ड्रम घेऊन जाणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला, इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांना. एकदा ताप आला म्हणून डॉक्टरकडे गेल्या, तर डॉक्टर लातूरकडचे निघाले. सुई टोचून होईपर्यंतही त्यांना दम निघाला नाही. लोक कसे आहात, बरं चाललंय ना, असं विचारतात. बाईंचं ते डाळीवर येऊन थांबलं होतं. आम्ही कारखान्यातले लोक त्यांच्या मागे हसायचो. पुढ्यातही हसायचो, कारण त्यांना त्याचं काही वाटत नसे. "हसा," म्हणायच्या, "पण उत्तर द्या."

आमचा कारखाना शिरवण्याच्या अंगाला, औद्योगिक पट्ट्यात होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, तीन मोठ्या टाक्या आणि एक ऑफिस. माल एकच, फिनेल. काळं फिनेल ड्रममधून दवाखान्यांना, शाळांना जायचं, बाटल्यांमधून किराणा दुकानांना. मी डिस्पॅच बघायचो. गमरेबाईंची लॅब म्हणजे गोदामाच्या कोपऱ्यातली एक खोली. तिथे एक मोरी, एक टेबल आणि काचेच्या नळ्यांचा एक स्टँड. कोपऱ्यात चहासाठी वेगळा ठेवलेला बीकर, त्यावर लाल अक्षरात 'चहा' असं लिहिलेलं, कारण एकदा मालकांनी चुकून दुसऱ्याच बीकरमधून घोट घेतला होता.

अंगाने बाई लहानखुऱ्या. गाव खेडच्या बाजूला, कोकणात. सुती साडी, तिच्या काठावर तपकिरी डाग ठरलेले. उजव्या हाताच्या दोन बोटांची कातडी पांढरट पडलेली, ती फिनेलच्या तेलाने. बसमध्ये त्यांच्या शेजारची सीट बहुतेक मोकळी असायची. एवढा त्यांच्या अंगाला फिनेलचा वास मुरला होता, आणि तो फक्त त्यांनाच येत नव्हता. गंमत म्हणजे त्यांच्या घरी फिनेल नावालाही नव्हतं. आईने एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "कशाला? फरशीला गरम पाणी आणि मीठ पुरतं, आणि खिडक्या उघड्या ठेवते मी. फिनेल दवाखान्यात हवं. घरात लोकांना फिनेल नको असतं हो, फिनेलचा वास हवा असतो." हे वाक्य मालकांच्या कानावर जाऊ नये म्हणून आम्ही सगळेच जपायचो.

पण वासाबद्दलचं त्यांचं कुतूहल दांडगं होतं. कारखान्यातलं कोणीही गावाला निघालं की बाई त्याच्या हातात होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक रिकामी बाटली ठेवायच्या. "तुमच्या बाजारात जे फिनेल मिळतं ना, ते एवढंसं आणा." लोक गावाहून येताना चिवडा, चटणी, तांदूळ आणतात. आमचे लोक फिनेल आणायचे. माझी सासुरवाडी कराडकडची. सासूबाईंना मी फिनेल कुठलं वापरता असं विचारलं तेव्हा त्यांनी आपल्या मुलीकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरलेलो नाही.

त्या बाटल्या लॅबच्या खिडकीत ओळीने उभ्या असायच्या. प्रत्येकीवर बाईंच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. 'कराड. राळ जास्त, तेल कमी.' 'चिपळूण. पांढरं. पाइनचं तेल, वास छान, काम बेताचं.' 'नांदेड. घट्ट. बहुधा एरंडेलाचा साबण.' 'परभणी, सुटं. रंग, सोडा आणि देव जाणे काय.' नाव एकच, फिनेल, आणि गावागणिक पोटातला मसाला निराळा. बाईंना त्याचं इतकं अप्रूप, की नवी बाटली आली की दुपारचा डबा बाजूला ठेवून त्या नळीत पाणी घ्यायच्या, वरून एक थेंब सोडायच्या आणि बघत बसायच्या. पाणी दुधासारखं झालं की मान हलवायच्या. नाही झालं की जास्त खूश व्हायच्या. "थांबा हं, हे काय आहे ते बघू दे." चांगलं निघालेलं फिनेल त्यांना फारसं बोलतं करायचं नाही. बिघडलेलं दिसलं की त्यांची कळी खुलायची.

आता तो प्रश्न आला कुठून, ते सांगतो. आधी तो नव्हता. सुमनच्या लग्नाच्या दोन वर्षं आधीपर्यंत बाईंना डाळीत रस होता तो जेवणापुरताच.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्याला आम्ही ड्रम पाठवले होते. महिन्याभराने तिथल्या डॉक्टरांचं पत्र आलं, सोबत एका बाटलीत ड्रममधल्या मालाचा नमुना. पत्रात असं होतं, की हे फिनेल पाण्यात टाकलं की पाणी पांढरं होण्याऐवजी फाटतं. खाली चोथा बसतो आणि वर तेल तरंगतं. ड्रमचं सील स्टोअरकीपर लोखंडे यांनी उघडलं होतं. त्यांनी अस्सल माल बाहेर विकून ड्रममध्ये भलतंच भरलं असा संशय आहे, त्यांना कामावरून दूर ठेवून चौकशी चालू आहे. तरी आपण पाठवलेला माल शुद्ध होता किंवा कसे, ते लेखी कळवावे.

मालकांना यात काहीच अवघड वाटलं नाही. त्यांनी मला उभ्या उभ्या मजकूर सांगितला. आमचा माल शुद्ध आणि नियमानुसार तपासलेला होता, सोबत केमिस्टच्या सहीचं सर्टिफिकेट जोडलं आहे. दोन ओळी. मी टाइप करून बाईंच्या सहीसाठी लॅबमध्ये गेलो. बाई तो नमुना नळीत टाकून बसल्या होत्या. नळीतलं पाणी पांढरंशुभ्र, दुधासारखं.

"हा आपलाच माल आहे, साळुंखे," त्या म्हणाल्या. "काही भरलेलं नाही त्यात. मग तिकडे फाटतो कसा?"

मी म्हटलं, ते आपलं काम नाही, तुम्ही सही करा. त्यांनी पत्र वाचलं, परत वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणूनच पाठवता येत नाही."

मला ते तेव्हा नीट कळलं नाही. मग त्यांनी मास्तरणीसारखं समजावलं. आपण लिहिणार आमचा माल पाण्यात दूध होतो. तिकडे तर फाटतोय. म्हणजे चौकशीवाले काय म्हणणार? ड्रममधला माल कंपनीचा नाहीच. लोखंडे चोर ठरणार, आणि तेही आपल्या खऱ्या सर्टिफिकेटावर. मालकांना त्यांनी दोन दिवस मागून घेतले.

ते दोन दिवस बाई जेवल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. उन्हात ठेवून पाहिलं, बर्फात ठेवून पाहिलं, गंजक्या पत्र्यावर ठेवून पाहिलं. फिनेल काही केल्या फाटेना. आमचे म्हात्रे म्हणून एक जुने कामगार होते. शिरवणे गावातलेच, आगरी, टाक्या ढवळायचं काम त्यांचं. सगळी मिठागरं आणि शेतं बघता बघता कारखान्यांखाली गेलेली त्यांनी पाहिली होती, त्यामुळे त्यांना कशाचं फारसं नवल वाटत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारी ते लॅबच्या दारात डबा खात बसले होते. बाईंचा तो खटाटोप त्यांनी बराच वेळ पाहिला, आणि मग घास गिळून म्हणाले,

"बाय, त्यांचे गावान डाल शिजत नसल."

बाईंनी वळून पाहिलं. म्हात्र्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या गावातल्या विहिरीचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नाही, साबणाचा फेस होत नाही, नुसती साय धरते. बायका कपडे धुतात त्यावर, पण जेवणाला नळाचंच पाणी. पाणी तसलं असलं की त्यात साबण नासतो. "आनि तुमचे फिनेलान साबनच टाकतो ना मी, गोनीच्या गोनी?"

बाई तशाच उठल्या. काचेचा बीकर, फिनेलची बाटली आणि म्हात्रे यांना घेऊन ऊन डोक्यावर असताना शिरवणे गावात गेल्या. मीही गेलो, कारण ऑफिसात बसून करण्यासारखं माझ्याकडे कधीच फार नसायचं. विहिरीवर धुणं धुणाऱ्या बायका हातातलं काम टाकून बघायला लागल्या. म्हात्र्यांनी पोहरा सोडून पाणी काढलं. बाईंनी ते बीकरमध्ये घेतलं, एक थेंब टाकला, हलवलं. क्षणभर पांढरं झालं, आणि मग आमच्या डोळ्यांदेखत फाटलं. खाली चोथा, वर तेलाचा तवंग.

"फाटलं," बाई ओरडल्या, एखाद्या पोरीला नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ सोडायचा मान मिळावा तसा त्यांना आनंद झाला होता. धुणं धुणाऱ्या बायकाही हसायला लागल्या. आणि मग बाईंचा चेहरा उतरला. बीकर त्यांनी विहिरीच्या कठड्यावर ठेवला.

परतताना त्यांनी जे सांगितलं ते मला जमेल तसं सांगतो. फिनेल म्हणजे डांबराचं तेल. तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत. मध्ये साबण असतो, तो एका हाताने तेल धरतो आणि दुसऱ्या हाताने पाणी, म्हणून दूध होतं. पण पाण्यात क्षार जास्त असले की ते क्षार साबणालाच धरतात. साबणाचे हात सुटले की तेल वर. आमच्या नळाला धरणाचं मऊ पाणी. मराठवाड्यात बोअरचं जड. नियमांच्या पुस्तकात लिहिलेलंच होतं, की तपासणी जड पाण्यातही करावी, त्यासाठी पाण्यात अमुक क्षार घालून ते मुद्दाम जड करावं. बाईंनी ती तपासणी कधी केलीच नव्हती. त्यांच्या गावाला जांभ्यातून झिरपलेलं पाणी. त्यात कुठलीही डाळ एका उकळीत शिजते. "पाण्यात काय बघायचं, पाणी ते पाणी, असं मला वाटायचं," त्या म्हणाल्या. "मी त्या रकान्यात नुसतीच बरोबरची खूण करत गेले, साळुंखे. लोखंड्यांनी ड्रममध्ये काही भरलं नाही. मी सर्टिफिकेटात भरलं."

मग त्या मालकांकडे गेल्या. खरं ते लिहून कळवायचं म्हणाल्या. मालक काही वाईट माणूस नव्हता, पण पुढच्या वर्षीचं टेंडर त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. केबिनचं दार अर्धं उघडं होतं आणि मी दाराशीच होतो.

"बाई, हे लेटर-बिटर काही चालणार नाही," मालक म्हणाले. "इथे तुमची डाळ शिजणार नाय."

"इथे शिजते, सर," बाई अगदी मनापासून म्हणाल्या. "तिथेच शिजत नाही."

त्यांना टोमणा मारायचा नव्हता, त्यांना तो जमतही नसे. मालकांनी त्यांना जा म्हणून सांगितलं.

बाई माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, साळुंखे, एक पत्र टाइप करून द्या, कंपनीच्या कागदावर. मी म्हटलं, कागद कपाटात आहेत आणि किल्ली मालकांकडे आहे. किल्ली माझ्या खिशात होती. घरी बायको, आई, लग्नाची बहीण, असं बरंच काही मी त्या वेळी मनात मोजलं. त्याची मला आजही लाज वाटते, आणि इतक्या वर्षांनी ते लिहून टाकावंसं वाटतंय, कारण बाईंना मी ते कधी सांगितलं नाही. त्यांना ते कळलं असणार. त्यांनी साध्या रेघांच्या कागदावर स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं आणि मला वाचायला दिलं, शुद्धलेखन बघा म्हणून.

पत्र छोटं होतं. माल आमचाच आहे. त्यात भेसळ नाही. आपल्याकडच्या जड पाण्यात तो टिकत नाही, हे मी आधी तपासायला हवं होतं, तपासलं नाही. चूक माझी आहे, स्टोअरकीपर लोखंडे यांची नाही, कृपया हे त्यांना वाचून दाखवावे. आपल्या दवाखान्यातलं थोडं पाणी बाटलीत भरून पाठवावे. आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, 'आपल्या पाण्यात डाळ शिजते का, तेही कळवावे.' मी म्हटलं, ही ओळ सरकारी पत्रात बरी दिसत नाही. बाई म्हणाल्या, "अहो, हीच तर खरी तपासणी आहे. पुस्तकातली नंतर."

पत्र रजिस्टर पोस्टाने गेलं. उत्तर आलं नाही. पाण्याची बाटलीही आली नाही. मालकांना दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच जाऊन सांगितलं. त्यांनी बाईंना काढलं नाही, पण सर्टिफिकेटवरची सही काढून घेतली. पुढचे सहा-आठ महिने सही करायला ठाण्याहून एक गृहस्थ यायचे. ते नळीकडे बघायचेही नाहीत, चहा घेऊन सही करून जायचे. बाई नमुने तयार करून द्यायच्या आणि बाजूला उभ्या राहायच्या. मला तो प्रकार बघवत नसे, पण मी बघत होतो.

त्या दिवसांतच त्यांनी तो प्रश्न विचारायला सुरुवात केली. आणि त्याच्या जोडीला आणखी एक, जो आम्ही बराच काळ नीट ऐकलाच नाही. समोरचा मराठवाड्यातला निघाला की डाळीनंतर त्या हळूच विचारायच्या, तालुका कुठला. उत्तर ऐकून मान हलवायच्या आणि विषय संपायचा. कोणी त्या तालुक्याचं निघालं, तर दवाखान्यात लोखंडे म्हणून आहेत का, असं विचारायचं त्यांच्या मनात होतं. कोणी निघालं नाही. नव्या मुंबईत अख्खा मराठवाडा येऊन राहिलाय, पण नेमका तो तालुका कधी आला नाही.

दरम्यान त्या गप्प बसल्या नव्हत्या. म्हात्रे रोज सकाळी येताना विहिरीचं पाणी कॅनमध्ये घेऊन यायचे, आणि बाई त्यात वेगवेगळी फिनेलं टाकून बघायच्या. राळेचा साबण कमी करून त्याजागी गंधकाच्या तेजाबाने तयार केलेलं एरंडेल घातलं, तर ते जड पाण्याला दाद देत नाही असं त्यांना सापडलं. कापड रंगवणारे ते तेल पिढ्यान्पिढ्या वापरतात. जमल्यावर त्यांनी मालकांसमोर शिरवण्याचं पाणी ठेवलं आणि थेंब टाकला. दूध झालं, आणि संध्याकाळपर्यंत दूधच राहिलं. मालक धंद्याचं नाक असलेला माणूस. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर असं त्याने बोटांवर मोजलं आणि ठाण्याचे गृहस्थ बंद झाले. सही परत मिळाली. बाईंनी त्या मालाला लाल झाकण मागितलं आणि लेबलावर 'जड पाण्यासाठी' असं लिहायला सांगितलं. झाकण लाल झालं. लेबलावर मालकांनी छापलं 'स्पेशल'. मग वाशीपासून बेलापूरपर्यंतच्या सगळ्या सोसायट्यांना लाल झाकणच हवं झालं, जिथे नळाला धरणाचं पाणी आणि त्या झाकणाची काडीची गरज नाही. बाई कपाळाला हात लावायच्या. म्हात्रे म्हणायचे, "बाय, लोकांना पानी कलत नाय, झाकन कलतं."

लाल झाकणाचे ड्रम त्या तालुक्याच्या दवाखान्यालाही जायला लागले. जिल्ह्याच्या गावी आमचा एजंट होता, तो पाठवायचा. त्याच्याकडून पोच म्हणून सही-शिक्क्याची चलनं गठ्ठ्याने माझ्याकडे यायची. माझं काम एवढंच, शिक्का आहे ना, सही आहे ना, की पंच करून फायलीत. बाईंना मी कधी सांगितलंही असेल, त्या दवाखान्याला माल जातोय म्हणून. त्या म्हणायच्या, "फाटल्याची तक्रार नाही ना? मग बरं."

अशी चारेक वर्षं गेल्यावर मालकांनी कारखाना गुजरातेत हलवायचं ठरवलं. शेडच्या जागेला भाव आला होता. शिरवण्याची ती विहीरही तोवर स्लॅब टाकून बंद झाली होती आणि वर कोणीतरी मोटारसायकली लावायचं. शेवटच्या आठवड्यात मी जुन्या फायली रद्दीला काढत होतो. रद्दीवाला पिना काढून दिल्याशिवाय कागद घेत नव्हता. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा ती चलनं माझ्या हातात एकेक करून आली.

चलनाच्या खाली एक रकाना असतो, 'शेरा'. तो कोणी भरत नाही. त्या दवाखान्याच्या चलनावर तो भरलेला होता. निळ्या शाईत, ठसठशीत अक्षर, खाली सही, बा. ना. लोखंडे, भांडार.

पहिल्यावर होतं, 'माल मिळाला. फाटत नाही. बाईंचे पत्र वाचून दाखवण्यात आले. मी कामावर आहे. आमच्याकडे डाळ शिजत नाही. बाईंना कळवावे.'

मी खुर्चीत बसलो. बाकीची शोधली. एकूण सात निघाली, चार वर्षांची. 'माल बरोबर. नवीन बोअर घेतली. डाळ तरीही शिजत नाही. बाईंना कळवावे.' 'माल बरोबर. पाणी पाठवण्यास परवानगी मिळाली नाही, क्षमस्व. बाईंना कळवावे.' 'मुलीचे लग्न झाले. माल बरोबर. डाळ सोडा घालून.' आणि सगळ्यात शेवटचं, काही महिन्यांपूर्वीचं. 'माल बरोबर. गावात धरणाच्या पाण्याचा नळ आला. डाळ शिजली. बाईंना कळवावे.'

प्रत्येकावर माझी गोल सही होती, पोच पाहिल्याची. बाई चार वर्षं ट्रकवाल्यांना, वॉचमनना, डॉक्टरांना विचारत हिंडत होत्या, आणि उत्तर माझ्या कपाटात होतं, त्यांच्या टेबलापासून वीस पावलांवर. त्या माणसाने मला सात वेळा सांगितलं होतं, कळवा म्हणून.

लॅबमध्ये बाई खिडकीतल्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत भरत होत्या. मी चलनं पुढे धरली. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. एकेक वाचून टेबलावर ठेवत गेल्या, तारखेप्रमाणे लावत. मुलीच्या लग्नापाशी जरा थांबल्या. शेवटचं वाचून झाल्यावर चष्मा काढून पदराने पुसला, आणि पहिल्यांदा जे बोलल्या ते कामाचंच बोलल्या.

"शिजली म्हणतायत. मग त्यांना आता लाल झाकण कशाला? साधं पाठवायला हवं."

मी म्हटलं, बाई, आता कुठलंच झाकण जाणार नाही, आपण बंद होतोय. मग मी माफी मागितली. कशीबशी मागितली, पण मागितली. त्या कपाटाच्या किल्लीबद्दलही त्याच वेळी बोलायला हवं होतं, ते राहिलं.

बाई हसल्या. त्यांचे डोळे भरलेले होते, तरी हसल्या. "तुम्ही शेरा वाचत नाही, मी जड पाणी तपासत नव्हते," त्या म्हणाल्या. "रकाना असतो तो कोणीतरी भरेल म्हणून असतो, साळुंखे." मग त्यांनी माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं. प्रत्येक चलनावर, लोखंड्यांच्या सहीखाली जेमतेम जागा होती तिथे, त्यांनी आपल्या बारीक अक्षरात लिहिलं, 'कळले,' आणि सही केली. सात वेळा, पूर्ण सही, सर्टिफिकेटवर करायच्या तशी. त्यातलं शेवटचं घडी करून पर्समध्ये ठेवलं, बाकीची माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, फायलीला लावा.

मग बाटल्यांची पिशवी उचलून त्या निघाल्या. गेटवर बिऱ्हाडाच्या सामानासारखं कारखान्याचं सामान टेम्पोत चढत होतं. टेम्पोचा ड्रायव्हर नवीनच होता, पागोटेवाला, उतारवयाचा. बाई त्याच्यापाशी थांबलेल्या मला ऑफिसच्या खिडकीतून दिसल्या. काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरज नव्हती. त्याने काहीतरी सांगितलं, बाईंनी मान डोलावली आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन त्या स्टॉपकडे चालू लागल्या. तालुका कुठला, हे त्यांनी या वेळी विचारलं नसणार.

लावायला फाईल नव्हतीच. ती सहा चलनं माझ्याकडेच आहेत.